रिकामी काडीपेटी

१

शीलाच्या घराची गच्ची म्हसावदच्या त्या गल्लीत सगळ्यांत उंच. तिने गाद्या उन्हात टाकल्या की अर्ध्या गल्लीला दिसायच्या, आणि बायका आपापल्या सुनांना म्हणायच्या, बघा, टापटीप शिका जरा. पण शीला गाद्या नेहमी एकाच बाजूने टाकायची. स्वच्छ बाजू वर. खालच्या बाजूला शिवणीत काळसर ठिपके होते, ते फक्त गच्चीच्या फरशीने बघायचे आणि शीलाने.

ढेकूण. हा शब्द तिने वर्षभरात तोंडातून काढला नव्हता. मनातसुद्धा ती त्यांना 'ते' म्हणायची, जुन्या बायका नवऱ्याला म्हणतात तसं. नऊ एकर बागायत, केळी-पपईचे मळे, दारात ट्रॅक्टर, मुलगा भाग्येश नाशिकला नोकरीला, सून रुचिका शिकलेली. अशा घरात ढेकूण! गरिबाच्या घरी निघाले तर लोक हळहळतात, खात्यापित्या घरी निघाले तर हसतात. शीलाला एक वेळ मरण चाललं असतं, कोणी हसलेलं चाललं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिचं शास्त्र आणि तेच पुराण.

आठ दिवसांवर सासूचं, सुंदरबाईचं वर्षश्राद्ध आलं होतं. दोन्ही नणंदा, त्यांची मुलं, सुना, सगळे मुक्कामाला येणार आणि ह्याच गाद्यांवर झोपणार. फवारणीवाला बोलवावा तर त्याची गाडी तासभर दारात उभी राहणार आणि औषधाचा वास चार घरं फिरून येणार. म्हणून शीलाने नवऱ्याला सांगितलं, श्राद्धाच्या पत्रावळी बघायला जाते, आणि तळोद्यावरून जाणाऱ्या बसने थेट अक्कलकुवा गाठलं. तिथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

बाजारात हारुनशेठचं बी-बियाण्याचं दुकान होतं. शीलाने पदर सावरत विचारलं, "गव्हाला लावायची ती पांढरी माती मिळते ना? वास नसलेली?"

हारुनशेठ सत्तरीचा माणूस. त्याने पिठासारखी मऊ पावडर कागदावर ओतून दाखवली. "ये जहर नहीं है, बहन. खदान की मिट्टी है. कीड़े के बदन का पानी खींच लेती है, बस. चार-पाच दिन लगते हैं. कीड़ा वहीं का वहीं सूखा पड़ा मिलेगा."

"गव्हालाच पाहिजे," शीला म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

म्हाताऱ्याने पुडा बांधता बांधता तिच्या कोपरावरच्या तीन लाल गांधींकडे पाहिलं. एका ओळीत होत्या. "हां, गेहूँ के लिए," तो मऊ आवाजात म्हणाला. "और खाट की दरार में डालो तो पतली डालना. नाक पे कपड़ा बांधना. शरमाने की बात नहीं, घर घर में होता है."

शीलाचं तोंड तापलं. बसमध्ये तिने तो पुडा पायांशी, पिशवीच्या तळाला ठेवला.

२

दुसऱ्या दिवशी भिला मळ्यात गेल्यावर तिने कामाला हात घातला. भिला म्हणजे तिचा नवरा. साधा, कमी बोलणारा माणूस. नाकाला पदर बांधून तिने जुन्या मोज्यात पावडर भरली आणि झटकत झटकत आपल्या दिवाणाच्या सांध्यांत, गादीच्या शिवणीत, भिंतीच्या कडेने पातळ थर दिला. मग मागच्या खोलीचं कुलूप काढलं.

खोली सुंदरबाईची. एक लाकडी खाट, एक खिडकी, भिंतीत एक कोनाडा. म्हातारी याच खाटेवर गेली होती. खाट टाकून द्या असं सगळे म्हणाले होते, पण टाकायची म्हणजे चार माणसांनी उचलून गल्लीतून न्यायची, आणि उचलताना तिच्या फटीतून काय गळेल याची शीलाला खात्री नव्हती. म्हणून खाट राहिली.

सुंदरबाईबद्दल गावाला जे माहीत होतं ते एवढंच, की शेवटच्या दोन महिन्यांत तिचं डोकं फिरलं. मला चावतात, मला खातात, असं म्हणत दिवसभर अंग खाजवायची. एका काडीपेटीत काहीबाही धरून ठेवल्याचं सांगायची आणि येईल-जाईल त्याच्यापुढे ती पेटी धरायची, पण उघडून कोणी बघत नसे. शहाद्याच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या. मग ती झोपून राहायला लागली, आणि गेल्या वर्षी फाल्गुनात झोपेतच गेली.

दहाव्याच्या रात्री रिवाजाप्रमाणे या खोलीत दिवा लावून, परातीत पीठ पसरून वर टोपली झाकली होती. जीव कोणत्या जन्माला गेला त्याचा ठसा पिठात उमटतो म्हणतात. सकाळी बायकांनी टोपली उचलली तर पिठात बारीक पायांच्या रेघाच रेघा. "मुंगीना जनम लिधा माय," कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी हात जोडले. शीलानेही जोडले. ती मुंगी नव्हती हे एकट्या शीलाला कळलं होतं, आणि हात जोडताना तिला स्वतःचीच किळस आली होती.

आता तिने त्याच फरशीवर पांढरा थर पसरला. खाटेखाली, भिंतीलगत, कोनाड्याच्या खाली. काम संपवून वळली तर दारात कमलीबाई उभी. भांडी घासायला येणारी, डोंगराकडची बाई. पांढरी फरशी पाहून तिचा हात तोंडावर गेला.

"बाई, आखो दहावानं पीठ टाकं का? आते कोन गयं?"

"पीठ नही शे ते! गहूनी पावडर शे," शीला खेकसली. गहू तर पुढच्या पडवीत होता. कमलीबाईने पडवीकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं, आणि ती मोरीकडे गेली.

शीलाने कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

३

पहिल्या सकाळी तिने कुलूप काढलं ते उत्सुकतेने. हारुनशेठने सांगितलं होतं, वहीं का वहीं पड़ा मिलेगा. फरशीवर एकही पडलेला नव्हता. थर तसाच होता, फक्त त्यात जागोजागी बारीक खळगे पडले होते.

ती उकिडवी बसली. खळगे जोडीजोडीने होते. एक मोठा, एक लहान, मध्ये बोटभर अंतर नाही. उंदीर म्हणावा तर शेपटीची रेघ हवी. पाल म्हणावी तर पोट घासल्याची खूण हवी. शीलाने सहज अंगठा आणि तर्जनी पुढे केली आणि एका जोडीवर टेकवली. बरोबर बसली. पोळपाटावरून सांडलेलं तांदळाचं पीठ चिमटीने उचललं की असंच दिसतं.

खळग्यांची ओळ खाटेखालून निघून भिंतीच्या कडेने कोनाड्यापर्यंत गेली होती. कोनाड्यात काही नव्हतं.

माझीच बोटं, ती स्वतःला म्हणाली. काल टाकताना लागली असतील. ही गोष्ट तिने इतकी ठाम सांगितली की दुपारपर्यंत तिची तिलाच पटली. जाताना तिने मोज्याने थर सारखा करून ठेवला होता.

दुसऱ्या सकाळी खळगे पुन्हा होते, आणि जास्त होते.

तिसऱ्या सकाळी खोली उघडायचा धीर झाला नाही म्हणून तिने आपल्या दिवाणावरची गादी उचलून पाहिली. फळीवर पावडर होती, मेलेलं काही नव्हतं, आणि भिला ज्या बाजूला झोपतो तिथे, उशीच्या बरोबर खाली, तीन जोड्या उमटल्या होत्या. रात्रभर दोघं त्या गादीवर झोपलेले होते. शीलाने गादी हळूच खाली ठेवली आणि चहा टाकायला गेली. चहात साखर दोनदा पडली.

भिलाने एक घोट घेऊन कप ठेवला. "शीला, तुले रातले काही चावस का?"

"नही. माले तं काहीच नही," ती चटकन म्हणाली. वर्षभराची सवय. "तुमले चावस का?"

"नही, नही. आसंच इचारं." पण त्याने बाही खाली ओढली, आणि त्याचे डोळे मांजराच्या पुढ्यातल्या पारव्यासारखे झाले.

तो गेल्यावर तिने खुंटीवरचा शर्ट धुवायला घेतला. खिशात गोळ्यांची पट्टी निघाली. चार गोळ्या संपलेल्या. नाव वाचायची गरज नव्हती; तीच पट्टी गेल्या वर्षी सुंदरबाईच्या उशाशी असायची.

शीलाने पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. म्हणजे त्यालाही चावत होते. आणि त्याला वाटत होतं, मायचं डोकं फिरलं तसं आपलंही फिरायला लागलं. पन्नाशीचा गडी, कोणाला न सांगता शहाद्याला जाऊन त्याच डॉक्टरपुढे मान खाली घालून बसला असेल. तिने एक शब्द बोलायचा अवकाश होता. घरात ढेकूण आहेत. बस्स, एवढाच. पण त्या शब्दाला शेपूट होतं, आणि ते शेपूट मागच्या खोलीपर्यंत जात होतं. पावडर काम करेल, तिने ठरवलं. चावणं थांबेल, त्याची भीती आपोआप जाईल, आणि बोलायची वेळच येणार नाही.

४

पावडरीने काम केलं. पाचव्या दिवशी शीलाच्या अंगावर नवी गांधी नव्हती. भिलाच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"एक सांगू?" जेवताना तो लाजत म्हणाला. "मी गोळ्या ली ऱ्हायंतू. मायवाल्या. माले बी तसंच व्हये, काहीतरी चावस आसं. आते बंद व्हयनं." तो चक्क हसला. "रगतमाच व्हतं ते. गोळी लागू पडनी. मायनी बिचारीनी उशीर करा."

शीलाने मान खाली घालून त्याला आणखी एक भाकरी वाढली. त्याला नको होती.

तो गेला आणि घर शांत झालं. फाल्गुनातली दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. शीला पडवीत गहू निवडत बसली. आणि मागच्या खोलीतून आवाज आला.

खस्स. टक.

हात सुपातच थांबला. पुन्हा, खस्स, टक. काडीपेटी आतून सरकवून उघडल्याचा आणि मिटल्याचा आवाज. सुंदरबाई शेवटचे वीस दिवस हेच करायची. बोलणं बंद केलं होतं तिने. फक्त पेटी उघडायची, आत बघायची, मिटायची.

ती असं का करायची, हे शीलाला माहीत होतं.

गेल्या वर्षीच्या माघात भाग्येशचं लग्न जमत होतं. रुचिकाच्या माहेरची माणसं घर बघायला येणार होती. सुंदरबाई रोज मागे लागायची, "शीला, माले रातभर चावतस व. मी धरी ठेयात. उघाडी तर देख." आणि शीला हात न थांबवता म्हणायची, "हाव, मंग देखसू." पण एका दुपारी म्हातारी झोपलेली असताना तिने पेटी उघडली. आत सात होते. जिवंत. फुगलेले.

तिने काय करायला हवं होतं ते सरळ होतं. तिने काय केलं, तर पेटी घेऊन न्हाणीच्या चुलीशी गेली, सातही विस्तवात झटकले, आणि रिकामी पेटी मिटून परत म्हातारीच्या हाताशी ठेवली. तेवढं करून तरी ती थांबली असती तर! संध्याकाळी भिला आला तेव्हा तिनेच म्हटलं, "तुमनी माय काय सांगस ते एक डाव देखी त ल्या."

सुंदरबाईचा चेहरा उजळला होता. कोणीतरी बघणार होतं. मनगटावर पाच हिरव्या ठिपक्यांचं गोंदण असलेल्या हाताने तिने लेकाच्या समोर पेटी धरली आणि अंगठ्याने सरकवली.

"येमा काहीच नही शे, माय," भिला हळूच म्हणाला. "तुले भास व्हस."

म्हातारीने रिकाम्या पेटीत पाहिलं. मग मान वर करून शीलाकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर शीलाला सोपं गेलं असतं. तिला कळलं होतं, आणि हे आपल्या सुनेने केलं याची लाज त्या म्हातारीलाच वाटली होती. तिने डोळे खाली वळवले ते पुन्हा वर केले नाहीत. पाहुण्यांपुढे काही बोलू नये म्हणून दुसऱ्या दिवसापासून खोलीला कडी लागली. सोयरीक जमली.

खस्स. टक.

शीलाने दोन्ही कानांवर हात दाबले. आपण किती हलकट आहोत हे तिला त्या दुपारी जेवढं लख्ख दिसलं तेवढं कधी दिसलं नव्हतं, आणि तरीही तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आवाज शेजारी ऐकू जात नसेल ना.

५

श्राद्धाच्या आदल्या दुपारी ती खोली उघडणं भागच होतं. नणंदांची गाडी विसरवाडीपर्यंत आल्याचा फोन आला होता, आणि गाद्या त्या खोलीत टाकायच्या होत्या. शीलाने झाडू घेतला, किल्ली फिरवली, दार ढकललं.

खिडकीतून ऊन सरळ फरशीवर पडलं होतं. पांढऱ्या थरात आता कोरी जागाच नव्हती. सगळीकडे चिमट्या, चिमट्या. खाटेखाली मात्र सावली होती.

सावलीतून एक हात बाहेर आला.

मनगटापर्यंतच. पावडरीने पांढरा झालेला, आणि इतका सुकलेला की कातडी हाडांना चिकटून राहिली होती, आतलं सगळं पाणी कोणीतरी ओढून घेतल्यासारखा. मनगटावर हिरवं गोंदण होतं, पाच ठिपक्यांचं. घाई नव्हती त्याला. अंगठा आणि तर्जनी फरशीवर टेकली, काहीतरी बारीक उचललं, आणि हात आत गेला. खस्स. टक.

मग सावलीतून काडीपेटी घसरत आली. पावडरीत सरळ रेघ काढत ती शीलाच्या पायाच्या अंगठ्याला येऊन लागली.

शीला ओरडली नाही. ओरडणं म्हणजे शेजारी गोळा करणं. तिने वाकून पेटी उचलली. ती जड होती.

"काय शे ते?" मागून भिलाचा आवाज आला. तो मळ्यातून केळीची पानं घेऊन आला होता.

आणि शीलाच्या आतलं काहीतरी एकदम सुटलं. "तुमनी माय वेडी नही व्हती," ती म्हणाली. आवाज तिचा तिला ओळखू येत नव्हता. "पेटी रिकामी नही व्हती. सात व्हतात. मी चुल्हामा टाकी दियात आन् रिकामी पेटी तुमले दखाडी. ढेकून शेतस आपला घरमा. वरीसभर शेतस. तुमले बी त्याच चावेत. तुमले काही व्हयनं नही. देखा, हाई देखा." तिने अंगठ्याने पेटी सरकवली.

पेटी काठोकाठ भरली होती. सुकलेले, चपटे, एकावर एक नीट रचलेले. शेकड्यांनी.

भिलाने पेटी हातात घेतली. खिडकीशी नेली. बोटाने आत चाचपलं, आणि बोट बाहेर काढून पाहिलं.

"पीठ शे हाई, शीला. नुसतं पीठ."

"नही! नीट देखा. मोजा!"

त्याने वाकून खाटेखाली पाहिलं. गादीच्या शिवणी उलगडून पाहिल्या, खाटेच्या फटींत काडी घालून पाहिली. बिचाऱ्याने खरंच शोधलं. पण घरात एकही उरला नव्हता, मेलेलासुद्धा. तो उठला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गेल्या वर्षी मायशी बोलला होता अगदी त्याच सुरात बोलला.

"बस. बस आठे. तुले भास व्हस. माले बी व्हये ना? भ्यावाचं काम नही." त्याने खिशातून पट्टी काढली. "माले लागू पडनी, तुले बी पडी."

६

श्राद्ध यथासांग झालं. कावळा शिवला. घर माणसांनी भरून गेलं, आणि सकाळी चहाच्या वेळी शीला प्रत्येकाजवळ जाऊन विचारत होती.

"रातले काही चावलं का?"

"नही व, भाबी. इतली गाढ झोप लागनी!" मोठी नणंद म्हणाली.

"एखादं तरी? पाठीवर? बाही वर करीसन देखा ना."

वर्षभर हे कोणी बोलू नये म्हणून जी जिवाचं रान करत होती, तीच आता एका लाल गांधीसाठी दारोदार फिरत होती. मुलांचे दंड धरून उन्हात बघत होती. कोणाच्या अंगावर काही नव्हतं. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, मग हातातल्या कपांकडे. कमलीबाई मोरीशी उभी होती. तिने नणंदेच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यात पीठ हा शब्द होता.

भिलाने शीलाला दंडाला धरून हळूच मागच्या खोलीत नेलं. बाहेर माणसं आहेत, जरा पड, म्हणाला. खाटेवर स्वच्छ चादर घातली होती. शीला बसली. बसल्या बसल्या मांडीखाली काहीतरी चावलं, आणि तिने ते चिमटीत धरून उशाशी पडलेल्या त्याच काडीपेटीत टाकलं.

थोड्या वेळाने श्राद्धासाठी नाशिकहून आलेली रुचिका पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली. गुणी पोर. आईच्या मायेने तिने शीलाच्या कपाळावर हात ठेवला. "घ्या मम्मी. बरं वाटेल."

शीलाने गोळी घेतली नाही. तिने मुठीतली काडीपेटी पुढे केली. "रुचिका, मी धरी ठेयं. उघाडी तर देख."

रुचिकाने दाराकडे पाहिलं. ओसरीवर श्राद्धाला आलेली तिच्या माहेरची माणसं बसली होती. तिने शीलाच्या हातातून पेटी अलगद सोडवली आणि न उघडताच कोनाड्यात ठेवली.

"हो मम्मी," ती म्हणाली. "नंतर बघते."

आणि जाताना तिने बाहेरून कडी लावली.